सुमन, वॉल सोड

रस्त्यावरून मोठा आवाज लावलेला ट्रॅक्टर आला, की आमचे भानुदासआप्पा काउंटरखाली जातात.

बारामतीत भिगवण रस्त्याला आप्पांचं पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. शेजारी माझं फ्लेक्स छापायचं. मधे पत्र्याची भिंत, त्यामुळे त्यांच्या दुकानातली शिंकसुद्धा मला ऐकू येते. हंगाम सुरू झाला की दिवसभर कारखान्याकडे ट्रॅक्टर चाललेले असतात. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या, ड्रायव्हरच्या डोक्यावर स्पीकर. लांबून ढमढम सुरू झालं की आप्पा बोलता बोलता थांबतात आणि कान टवकारतात. दुसरं काही वाजत असलं तर गिऱ्हाइकाशी बोलणं पुढं चालू. पण 'ते' वाजत असलं की आप्पा दिसेनासे होतात.

"आप्पा, अर्ध्या इंची एल्बो पायजे होता," गिऱ्हाईक काउंटरला सांगतं.

"शोधतोय, शोधतोय," खालून आवाज येतो.

एल्बोचा खोका मागच्या फळीवर, गिऱ्हाइकाच्या अगदी नाकासमोर असतो. ट्रॅक्टर चौकात वळला, आवाज विरला, की आप्पा गुडघे झाडत वर येतात. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "खाली न्हाय वो," असं गंभीरपणे म्हणतात आणि मागच्या फळीवरून एल्बो काढून देतात.

'ते' म्हणजे गाणं. आणि ते आप्पांनीच केलेलं आहे.

आप्पा गाणी करतात हे मला शेजार धरून बरेच दिवस झाले तरी ठाऊक नव्हतं, कारण आप्पा 'गाणं' हा शब्दच उच्चारत नाहीत. चोरून विडी ओढणारा माणूस विडीचं नाव काढत नाही, तसं. "दिगंबरराव, काल एक ते काम झालं," एवढंच म्हणायचे. मला वाटायचं कुणाच्या शेतात ठिबक बसवून आले असतील. एकदा दुपारी भिंतीपलीकडून असा काही घुमणारा आवाज आला, की देवळाच्या गाभाऱ्यातून कुणी हाक मारतंय असं वाटावं. जाऊन बघतो, तर आप्पा चार इंची पाइपाच्या एका टोकाला तोंड लावून बसलेले, डोळे मिटलेले. दुसऱ्या टोकाला पाइप घ्यायला आलेला एक शेतकरी वाकून आत बघत होता. आत काही अडकलंय आणि दुकानदार फुंकून काढतोय, अशी त्याची समजूत. आप्पांनी डोळे उघडले, आम्हा दोघांना बघितलं, आणि त्या शेतकऱ्याला न मागता चांगली सूट दिली.

तेव्हा मला कळलं. मग हळूहळू त्यांचं सगळं शास्त्रच कळलं. चाल पाइपात म्हणून बघायची. "उघड्यावर समदंच गोड लागतं वो. पाइपात खोटा सूर लगेच कळतो. गळती दिसती." लय ठरवायची ती ठिबकच्या थेंबावरून. तासाला चार लिटर सोडणाऱ्या ड्रिपरचा थेंब सावकाश पडतो, आठ लिटरचा जरा लगबगीनं. आप्पांची गाणी त्यामुळं लिटरवर मोजली जातात. पाळण्याचं गाणं चार लिटरचं. वरातीला आठ लिटर. एकदा ते म्हणाले, "ही आजकालची पोरं सोळा लिटरच्या खाली यायलाच तयार न्हाईत. झाडाला पाणी मुरायला तर पायजे."

शब्दांच्या बाबतीत आप्पा फार कडक. एखादी ओळ छान जुळलेली असायची आणि हे ती खोडून टाकायचे. का, तर "हा शब्द नुसता जुळवायला आलाय. पाव्हणा हाय. दोन दिस राहील आन जाईल. घरचा न्हाय." मग घरच्या शब्दाच्या शोधात हा माणूस आठवडाभर गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकत बसणार. कुणी बोलता बोलता चांगलं बोलून गेलं, की "थांबा, हे परत म्हणा" म्हणून त्याचा हात धरणार. माणूस बिचारा घाबरायचा. आपण काहीतरी चुकीचं बोललो असं वाटून शब्द फिरवायचा. "तसं न्हाय, जसं मगाशी म्हणालात तसंच," आप्पा विनवायचे.

आता आमच्याकडे गाणी करणारांची काही वाण नाही. माझ्या दुकानात रोज एकाचा तरी फ्लेक्स छापायला येतो. काळा चष्मा, हात छातीवर बांधलेले, मागे आगीचे लोळ. वाढदिवसाची गाणी, बैलगाड्याच्या शर्यतीची गाणी, गावच्या यात्रेची गाणी. गाण्यात तुमचं नाव घालून देणारे आहेत, तुमच्या बैलाचंही घालून देतात. ही सगळी मंडळी सागरच्या स्टुडिओत जमतात. सागरचा स्टुडिओ पिठाच्या गिरणीच्या वर. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. खाली गिरणी चालू असली की वर रेकॉर्डिंग होत नाही आणि वीज गेली की गिरणी बंद पडते, पण मग स्टुडिओही बंद पडतो. म्हणून सागरने इन्व्हर्टर घेतला. वीज गेली रे गेली, की सारे कलाकार जिन्याने धावत वर. आमच्या भागातली निम्मी प्रेमगीतं भारनियमनात जन्मली आहेत.

त्या जिन्याकडे आप्पा कधी फिरकले नव्हते. ते तिथं गेले ते दातांमुळे.

पुढचे दोन दात हलायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, काढावे लागतील, कवळी बसवू. आप्पा त्या दिवशी दुकानात अगदी सुन्न बसून होते. मी म्हटलं, "आप्पा, दातच आहेत. एवढं काय?"

"दिगंबरराव, दात गेल्यावर 'स' जातो."

"मग?"

"एक ते काम हाय जुनं. त्यात 'स' लागतो. माझ्या तोंडात हाय तवर धरून ठेवावा म्हंतो."

ते जुनं काम असं होतं:

ऊस डोईच्या वर गेला, वाट दिसंना गं
सुमन, वॉल सोड, पाणी पोचंना गं

सुमन म्हणजे आप्पांची बायको. सुमनवहिनी. लग्न नवं असताना दोघं शेतात दारं धरायची, म्हणजे उसाला पाणी द्यायची. पाइपलाइनच्या वॉलपाशी, म्हणजे पाणी सोडायच्या चावीपाशी वहिनी, आणि उसाच्या पार दुसऱ्या टोकाला खोरं घेऊन आप्पा. मधे डोक्यावर गेलेला ऊस. हे तिथून हाक मारायचे, त्या हाकेचंच हे गाणं, नाव तेवढं गाण्यात घातलेलं. चार लिटरचं. आप्पांनी ते सागरकडे जाऊन नुसत्या आवाजात म्हटलं, मोबाइलमध्ये घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दात काढून आले. त्यांच्या हिशेबानं विषय संपला होता.

सागरला मात्र राहवलं नाही. वाईट मुलगा नाही तो, पण त्याच्या हाताला चैन नसते. त्यानं आप्पांचा आवाज तसाच ठेवून खाली ठोका टाकला. सोळाचा नव्हे, बत्तीस लिटरचा. 'सोड' हा शब्द कापून आठ वेळा चिकटवला. नेटवर टाकलं. इंदापूरच्या एका डीजेवाल्यानं ते उचललं, आणि मग हळदी, वराती, यात्रा, गणपती, जिकडे तिकडे 'सोड सोड सोड सोड'. लोकांना त्यात ऊस दिसला नाही, पाणी दिसलं नाही. लोकांना भलतंच काही दिसलं. त्या ओळीवर पोरं हातानं जो इशारा करत नाचतात, तो मला इथं सांगता यायचा नाही.

आप्पांना आधी काही कळलंच नाही. मग कुणीतरी त्यांना अर्थ समजावून सांगितला. ते ऐकून घेतलं, 'हां हां' म्हणाले, शटर अर्ध्यावर ओढून घेतलं आणि दिवसभर आत अंधारात बसले.

पण खरी दशा झाली वहिनींची. वहिनी अंगणवाडीत. उंच, ताठ, तोंडावर बोलणाऱ्या. पोषण आहाराच्या मापात दाणा इकडचा तिकडे होऊ देत नाहीत, आयाबाया त्यांना वचकून असतात. त्या अंगणवाडीत एक दिवस तीन वर्षांच्या पोरांनी खिचडीच्या ताटल्या वाजवत 'छुमन, वॉल छोड' म्हटलं. पोरांना काय कळतं? पण त्यांना न्यायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मंडईत वांगी घेताना मागून कुणीतरी गुणगुणायचं. वळून बघितलं की सगळे वांगी निवडण्यात दंग. वहिनींनी हळदीकुंकवाला जाणं सोडलं, हळदीच्या कार्यक्रमाला तर नावच नको.

घरी त्या आप्पांना एकदाच बोलल्या. दुकानाच्या मागेच घर, त्यामुळं पत्र्यातून मीही ऐकलं. मला ऐकायचं नव्हतं, पण पत्र्याला काय त्याचं?

"आईबापानं दिलेलं एक नाव हुतं माझं," त्या म्हणाल्या. "तुमी आजपातूर कधी तोंडानं घेतलं न्हाय. 'अगं', 'ऐकलं का', असंच चाललं. घेतलं ते एकदम डीजेवाल्याला देऊन टाकलं."

त्यानंतर वहिनी चहाचा कप आप्पांच्या हातात देईनाशा झाल्या. काउंटरवर ठेवायच्या आणि जायच्या.

मग आप्पा निस्तरायला निघाले. आणि आप्पा जे निस्तरायला जातात ते आणखी गुंतून बसतं.

आधी त्यांनी नाव बदलायचं ठरवलं. तीन अक्षरी नाव हवं. 'कमल' घातलं तर आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या आईचं नाव कमल. 'विमल' घातलं तर गुटख्याची जाहिरात वाटायला लागली. शेवटी, आता कुणीच ठेवत नाही म्हणून 'शेवंता' घेतलं, लयीत बसवायला दोन रात्री पाइपात ओरडले, आणि कवळीचे दात घेऊन सागरकडं म्हणून आले. ते कुणी वाजवलं नाही. 'शेवंता, वॉल शोड' असं ऐकू यायचं.

मग ते डीजेवाल्यांकडे गेले. एकेकाच्या दारात जाऊन, टोपी काढून. मी बरोबर होतो, कारण एकट्यानं जायची त्यांना लाज वाटायची. मला दोघांची मिळून वाटत होती. इंदापूरच्या विकीनं, ज्यानं हे आधी उचललं होतं त्यानं, आम्हाला चहा पाजला. "आप्पा, मन मोकळं करून बोला," म्हणाला. आप्पा बोलले, "बाबांनो, हात जोडतो. ते वाजवू नका. घरी मान खाली जाती. हात जोडतो." विकीनं मान हलवली. त्याच्या हातात मोबाइल होता ते आमच्या लक्षात आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात गाण्याची नवी आवृत्ती आली. सुरुवातीला सगळं शांत. मग घोगऱ्या आवाजात "हात जोडतो... ते वाजवू नका... हात जोडतो... हात... हात... हात..." आणि मग धडाम, 'सोड सोड सोड सोड'. ही आवृत्ती पहिलीपेक्षा जास्त चालली. लोक आता आधी हात जोडून उभे राहायचे आणि मग नाचायला लागायचे.

अशात वहिनींच्या भाच्याचं लग्न निघालं. इंदापूरला. सख्ख्या भावाचा मुलगा, ह्या एकुलत्या एक आत्या. हळद लावायला आत्या नाही असं कसं चालेल? भाऊ स्वतः येऊन सांगून गेला. "आक्का, डीजे न्हाय लावणार, शब्द देतो." आप्पांना ठिकठिकाणी मोटारसायकलवर फिरताना पोरं ओळखू लागली होती, म्हणून मी माझी गाडी काढली. जाताना आप्पा माझ्या शेजारी पुढं, वहिनी मागं. लासुर्णे येईपर्यंत कुणी अक्षर बोललं नाही. लासुर्ण्याला आप्पा म्हणाले, "ऊस चांगला आलाय." वहिनींनी काच वर केली.

भावानं शब्द पाळला होता. डीजे त्यानं लावला नव्हता, नवरदेवाच्या मित्रांनी लावला होता. मांडवाच्या तोंडाशी भला मोठा टेम्पो, त्यावर स्पीकरची भिंत, आणि वर विकी.

दुपारची वेळ. नवरदेव पाटावर बसलेला, वहिनी वाकून त्याच्या गालाला हळद लावत होत्या. आणि स्पीकरमधून आवाज आला, "हात जोडतो..."

मी आप्पांकडं बघितलं. मला वाटलं आता हे खुर्चीखाली जाणार. पण आप्पा उठले आणि टेम्पोकडं चालायला लागले. मी मागं धावलो. गर्दीतून वाट काढत ते टेम्पोपाशी गेले आणि वर बघून काहीतरी ओरडले. विकीनं वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. त्यानं गाणं थांबवलं, आप्पांचा हात धरून त्यांना वर ओढलं, आणि माइकवर गरजला, "मंडळी! ज्यांचा आवाज आख्खा तालुका ऐकतोय, ते 'हात जोडतो'वाले काका आज आपल्यात हायत! जोरदार टाळ्या!"

माइक आप्पांच्या हातात आला. टाळ्या, शिट्ट्या.

"ह्या गाण्यात..." ते म्हणाले. मी दचकलो. आप्पांच्या तोंडून 'गाणं' मी पहिल्यांदा ऐकत होतो. "ह्या गाण्यात तसलं काय न्हाय. गाणं माझं हाय. मी केलंय. ऊस मोठा हुता, दिसायचं न्हाय, म्हणून हाक मारायचो. एवढंच हाय. हसायचं तर मला हसा. तिला हसू नका. सुमन ती... ती माझी मंडळी हाय. नवरदेवाची आत्या. तितं बसलीय. तिचा ह्यात काय दोष न्हाय."

आणि त्यांनी बोट दाखवलं.

सगळा मांडव वळला. इंदापुरातल्या त्या मांडवात तोपर्यंत घरच्या दोघातिघांखेरीज कुणालाही माहीत नव्हतं, की गाण्यातली सुमन इथंच आहे. आता सगळ्यांना माहीत झालं. वहिनींनी मान वर केली नाही. हळदीनं भरलेली बोटं भाच्याच्या गालावर तशीच होती. शिट्ट्या थांबल्या, आणि मला वाटलं, जमलं, लोकांना कळलं. तेवढ्यात मागून कुणीतरी केकाटलं, "आत्या, वॉल सोड!"

मांडव फुटला हास्यानं. विकीनं बटण दाबलं. आप्पा टेम्पोवरून कसे उतरले मला माहीत नाही. कुणीतरी त्यांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न करत होतं.

मला ते सापडले गाडीत. भर उन्हात काचा बंद करून, मागच्या सीटवर, घामानं निथळत. "दिगंबरराव, मला एष्टीनं जाऊ द्या," म्हणाले. "तिला तुमी सुखरूप न्या." मी काही बोलणार तोच वहिनी येताना दिसल्या. हळद पुरी लावून, भावाचा निरोप घेऊन, सगळ्यांच्या नजरांमधून सरळ चालत. त्यांनी पुढचं दार उघडलं, पिशवी पुढच्या सीटवर ठेवली, दार लावलं, आणि मागं आप्पांच्या शेजारी येऊन बसल्या. "चला भावजी," म्हणाल्या.

ऊन उतरलं होतं. निमगावचे पानमळे मागं पडले. आरशात मला दोघं दिसत होती, एक ह्या खिडकीला, एक त्या.

"बोट कशाला दाखवलंत?" वहिनी म्हणाल्या.

"चुकलं."

"काय बोलायचं ते बोलायचं हुतं, बोट कशाला?"

"चुकलं म्हंतोय न्हवं."

पुढं उसाची ट्रॉली लागली. मी वेग कमी केला.

"एक इचारू?" वहिनी म्हणाल्या, पण आप्पांकडं बघून नव्हे, खिडकीबाहेर बघून. "तवा तुमी हाक मारायचात. पर मी वॉल त्याच्या लई आधी सोडलेला असायचा. मला वाटायचं, पाणी वाटंत कुठं तरी फुटतंय. मामंजींना सांगावं का, असं बी यायचं मनात."

"फुटत न्हवतं."

"मग?"

"पायाला लागायचं माझ्या. पार घोट्यापातूर."

"पाणी पायाला लागायचं, आन तरी वॉल सोड म्हणून वरडायचात?"

आप्पांनी कवळी जिभेनं सारखी केली. "घरात तू बोलायची न्हाईस," ते म्हणाले. "आई, आबा, चुलते, समदी बसलेली. मला तुझं नाव घ्यायची चोरी. तितं तेवढं तू मोठ्यांदा बोलायचीस. 'सोडलाय वो' म्हणायचीस. दिसत न्हवतीस, पर आवाज यायचा."

वहिनी म्हणाल्या, "मी घसा फोडायची. मला वाटायचं, तुमाला ऐकू जात न्हाय."

"पहिल्यांदाच यायचं ऐकू."

"मग दोन दोन, तीन तीन बारी का म्हणायला लावायचात?"

आप्पा खिडकीबाहेर बघायला लागले आणि मानेपर्यंत लाल झाले, अठरा वर्षांच्या पोरासारखे. वहिनी त्यांच्याकडं बघत होत्या. किती वर्षांत असं बघितलं नसेल कोण जाणे.

मला एकदम लाज वाटली. कुणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखी. मी आरसा वर फिरवला आणि ट्रॉलीच्या मागंच गाडी धरून राहिलो. समोरचा रस्ता मोकळा होता. ड्रायव्हर हात बाहेर काढून मला पुढं जायला खुणावत होता. मी गेलो नाही.